रिकामी फेरी मारायची नाही

शालिग्रामची काळी-पिवळी जीप धाडच्या स्टँडवर उभी राहायची त्या काळात "गाडी भरली" हे शब्द तिथं कोणी ऐकलेले नव्हते. गाडी भरत आली असं जगाला वाटायचं, टपावर दोघं चढलेले असायचे, मागच्या पायरीवर एक जण लोंबकळत असायचा, आणि तेवढ्यात पिशव्या घेऊन एखादी बाई धावत यायची. मग शालिग्राम शांतपणे खाली उतरायचा, आत डोकं घालायचा आणि म्हणायचा, "ओ काकाजी, जरासा श्वास सोडून बसा ना. एवढी हवा कायले धरून ठेवली? पाह्य, झाली नं जागा!" बाई बसायची. काकाजी बुलढाण्याला उतरल्यावरच पुढचा श्वास घ्यायचे.

जागा काढण्याची ही विद्या त्याच्या बोटांत होती. पण त्याचा धर्म वेगळा होता. रिकामी फेरी मारायची नाही, हा त्याचा धर्म. बुलढाण्याहून धाडला परतताना माणसं मिळाली नाहीत तर तो खताची पोती घ्यायचा, पोती नसली तर पत्रे, पत्रे नसले तर कोणाच्या तरी लग्नाचं कपाट. एकदा काहीच मिळेना, तेव्हा त्यानं स्टँडवरच्या बाकड्यावर झोपलेल्या एका ओळखीच्या माणसाला उठवून गाडीत घातलं आणि थेट धाडला आणून सोडलं. त्या माणसाला चिखलीला जायचं होतं. शालिग्रामचं म्हणणं असं, की त्यानं झोपेत मान हलवली होती.

पुढे जीपचं वय झालं आणि शालिग्रामच्या डोळ्यांचंही. संध्याकाळी समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलचे त्याला दोन दिवे दिसले, तेव्हा त्यानं गाडी विकायची ठरवली. संग्रामपूरकडच्या एका माणसानं ती घेतली. गाडी विकली असं आपण म्हणायचं. खरं तर तिची वाटणी झाली. चाकं, इंजिन आणि टप तेवढे संग्रामपूरला गेले, आणि ज्याच्यात जीव अडकला होता ते सगळं शालिग्रामच्या घरी आलं. मागची लांब सीट ओसरीत भिंतीला लागली. स्टेपनी मधल्या खोलीत उभी राहिली. जॅक, पाने, दोरखंड, ताडपत्री आणि रबरी फुग्याचा जुना भोंगा जिथं जागा मिळेल तिथं बसले. सिंधूताईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्या दिवशी विचारलं, "अहो, हे सारं किती दिवस ठेवता?"

"लागते कधी," शालिग्राम म्हणाला.

"गाडी नाही, तं जॅक कायले लागते? मले उचलाले?"

ही गोष्ट पुढे भलत्याच अर्थानं खरी व्हायची होती, पण ते कोणाला माहीत नव्हतं.

घराबद्दल शालिग्रामचं एक ठाम मत होतं. घर आपोआप नीट राहतं, असं ते मत. त्याला पुरावाही होता. त्यानं ओला टॉवेल खाटेवर टाकला, की थोड्या वेळानं टॉवेल दोरीवर असायचा. चहाचा कप खिडकीत ठेवला, की कप नाहीसा व्हायचा आणि सकाळी धुतलेला होऊन पुन्हा हातात यायचा. चष्मा कुठंही विसरा, तो देवळीतच सापडायचा. शालिग्रामला वाटायचं, हा वस्तूंचा स्वभावच आहे. गाय जशी संध्याकाळी आपल्या गोठ्याकडे वळते, तसा टॉवेलही दोरीकडे वळत असणार. या प्रवासात मध्ये कुठंतरी सिंधूताई आहे, ही शंका इतक्या वर्षांत त्याला आली नाही.

मग एका सकाळी सिंधूताई वाळवायच्या डाळीची कोपर, म्हणजे मोठी परात, दोन्ही हातांत धरून ओसरीतून अंगणात निघाली. कोपरेमुळं खालचं दिसत नव्हतं. खाली जॅक होता. डाळ अंगणभर झाली आणि सिंधूताईचा घोटा मोडला.

बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरानं प्लास्टर घातलं. त्यांची लेक अर्पिता बुलढाण्यातच राहते, तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. तिथं प्रत्येक बाटलीला चिठ्ठी असते आणि प्रत्येक चिठ्ठीला अर्पिताचं अक्षर. घरीही तेच. मिठाच्या डब्यावर "मीठ" लिहिलेलं, शाळकरी लेकीच्या डब्यावर लेकीचं नाव. जावई गोपाल अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं गरीब. बोलण्याचं खातं त्यानं लग्नातच बायकोकडं सोपवलं होतं. अर्पिता आईला दवाखान्यातून सरळ आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली, आणि तिला पलंगावर नीट टेकवून बापाकडं वळली.

"बाबा, आई आता इथंच राहील."

"प्लास्टर निघेपर्यंत नं?"

"आणि मग? मग तिला वॉकर लागणार. चार पायांचा वॉकर घेऊन तुमच्या त्या घरात चालणार कशी ती? ओसरीतून मोरीपर्यंत जायचं तर मला लंगडी घालावी लागते, बाबा. एकदा तर स्टेपनीवरून उडी मारली मी."

"आवरतो नं मी."

"तुम्ही?"

यावर माय-लेकी एकमेकींकडं बघून हसल्या. ते शालिग्रामनं सहन केलं. पण गोपालही हसला, ते मात्र त्याला लागलं.

"काऊन? आवरू नाही शकत काय मी?"

अर्पितानं हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. "बरं. आवरा. प्लास्टर निघालं की मी आईला घेऊन येते. ओसरीच्या दारापासून मोरीपर्यंत वॉकर कुठंही न अडकता गेला, तर आई राहील तिथं. अडकला, तर तशीच गाडीत बसवून परत आणीन. मग तुम्हीपण घराला कुलूप लावा आणि इकडंच या."

इकडंच! शालिग्रामनं फ्लॅटवर नजर फिरवली. घर छान होतं, सोफा इतका स्वच्छ की त्याच्यावर बसताना आपणच आपल्याला झटकून घ्यावं. पण गॅलरीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची गॅलरी. तिथून आपल्याकडं बघत एक म्हातारा उभा असायचा, त्याचंही कोणीतरी गावाकडचं घर बंद केलेलं असणार. धाडला ओसरीत बसलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण "राम राम" घालतो. इथं त्या म्हाताऱ्याला हात केला, तर तो आत निघून गेला.

निघताना सिंधूताईनं त्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "मले इथं करमत नाही हो. पोरगी लय करते, जावई लय करते. पण चहा मागून घ्या लागते. आपल्या घरी कसं, वाटलं तं मांडला." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुमच्या हातानं काय होते म्हणा."

शालिग्राम एसटीत बसून धाडला परतला. सगळ्या रस्त्यात शेजारची जागा रिकामी होती, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आवरायला घेतलं. आवरणं म्हणजे काय, याची त्याची कल्पना सोपी होती. जमिनीवर काही दिसता कामा नये. आणि जागा काढण्याची विद्या तर बोटांत होतीच. त्यानं हात लावता येईल ती प्रत्येक वस्तू अंगणात आणली आणि मग एकेक उचलून आत बसवायला लागला, कपाटात, दिवाणाच्या पोटात, फडताळात. कढईत तपेली, तपेलीत पेला, पेल्यात चमचे. गोधडीच्या घडीत छत्री, छत्रीत लाटणं. शेजारचा भाऊराव कुंपणावर हात टेकून बघत होता. भाऊराव हा शालिग्रामचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला जगात दोनच कामं, शेती आणि शालिग्राम.

"काय बे, दुकान लावून राह्यला काय?"

"घर आवरून राह्यलो."

"मले वाटलं लिलाव हाये. तो सोऱ्या तेवढा माह्यासाठी ठेवजो."

"तू जाय बरं आपल्या कामाले."

"तूच तं काम हायेस माहं," भाऊराव म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला गेला.

दुपार कलली तेव्हा घर चकाचक झालं होतं. सीट, स्टेपनी आणि दिवाणाशेजारचे खोके सोडले, तर खाली एक वस्तू नव्हती. कपाटाचं दार बंद होईना, तेव्हा शालिग्रामनं पाठ लावून, पाय भिंतीला रेटून, जीपचं मागचं दार लावायचा तसं ते लावलं आणि कडी घातली. आतून काहीतरी करकरलं. ते काकाजींसारखं श्वास सोडत असेल असं समजून तो चहा प्यायला बसला.

रविवारी अर्पिता आली, आईचं स्वेटर न्यायला. ओसरीत पाऊल टाकलं आणि थबकली. मधल्या खोलीत गेली. डोळे मोठे झाले. "बाबा! तुम्ही केलं हे?"

"मंग कोण? भाऊराव?" शालिग्राम मिशीला हात लावत म्हणाला.

"खरंच मला वाटलं नव्हतं हो. चुकलंच माझं. बरं, आईचं स्वेटर कुठंय?"

"कपाटात."

हे म्हणताक्षणी तो पुढं धावला, पण तोवर अर्पितानं कडी काढली होती. पुढचं सगळं फार पटकन झालं. आधी गोधड्या आल्या. गोधड्यांवर बसून कुकरचं झाकण आलं. मग छत्री, लाटणं, सोऱ्या, गणपतीचं मखर, दोन उशा, एक न ओळखू येणारी पितळी वस्तू, आणि सगळ्यात शेवटी जीपचा भोंगा, जो उशीवर पडून "पोंऽऽ" असा वाजला. बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी सवयीनं बाजूला झालं.

स्वेटर आलं नाही. ते सगळ्यात मागं, तळाशी, ताडपत्रीखाली बसलेलं होतं.

अर्पिता त्या ढिगात उभी राहून आधी हसली. मग भोंगा उचलून कपाटात ठेवताना तिचा चेहरा बदलला. "बाबा, हे घर आवरलं नाही तुम्ही. हे घर भरलं. आईला साधी वाटी काढायची झाली तर हे सगळं तिच्या पायावर येईल. पुन्हा." तिनं रागानं म्हटलं नाही, म्हणून ते शालिग्रामला जास्त जड गेलं. आपलंच स्वेटर आईला द्यायचं ठरवून ती परत गेली.

सोमवारी सकाळी शालिग्रामनं चहा मांडला आणि गाळणी शोधायला लागला. गाळणी फडताळात होती. तिच्यापुढं पाहुण्यांच्या ताटांची चवड होती, ताटांपुढं लग्नात मिळालेला भाताचा मोठा गंज, गंजापुढं शेवयांचा पाट. पाहुणे वर्षातून एखादवेळी यायचे. गाळणी रोज लागते. चहा उकळून काळा पडला. शेवटी तो चहा पत्तीसकट त्यानं कपात ओतला आणि जीपच्या सीटवर बसून मिशीनं गाळून प्यायला.

पिता पिता तो थांबला.

पहिल्या फाट्यावर उतरणाऱ्याला त्यानं उभ्या आयुष्यात कधी आत बसवलं नव्हतं. तो दाराशी. बुलढाण्याचा माणूस आत, खोल, खिडकीशी. उलटं केलं तर फाट्या-फाट्यावर सगळी गाडी खाली करावी लागते, हे धाडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथं त्यानं पहिल्या फाट्याच्या गाळणीला पार आत कोंबलं होतं, आणि बुलढाण्याचे पाहुणे दाराशी बसवले होते!

"गधा हायेस तू, शालिग्राम," तो मोठ्यानं म्हणाला.

"आता कळलं काय बे?" कुंपणापलीकडून आवाज आला.

तो उठला, आणि स्वयंपाकघराकडं निघाला. दारात पुन्हा थांबला. मागं वळून बघितलं. सीटवर रिकामा कप होता, त्याच्या शेजारी कालची ताटली, खाली तांब्या. तिघांनाही स्वयंपाकघरातच जायचं होतं. आणि तो, शालिग्राम, त्याच रस्त्यानं, दोन्ही हात हलवत, रिकामा चालला होता.

रिकामी फेरी! आपल्याच घरात! दिवसभरात अशा किती मारत असेल तो, आणि किती वर्षं! बाकड्यावर झोपलेल्या माणसाला जो उठवून आणतो, त्यानं समोर उभे असलेले तीन प्रवासी सोडून जावं?

त्या सकाळपासून शालिग्रामच्या घरात नवा कारभार सुरू झाला. कारभार म्हणायचं, पण त्यात कष्ट असे नव्हते, आणि त्याला तेच आवडलं. मुद्दाम उठायचं नाही. कंबर बांधून झाडाझडती घ्यायची नाही. एरवीही तो दिवसभर ओसरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मोरीकडं, मोरीकडून अंगणात फिरतच असायचा. फक्त उठताना एकदा मागं बघायचं, त्या बाजूला कोणी जाणारं आहे का, आणि असेल तर हातात घ्यायचं. अंघोळीला निघाला की मळका सदरा बरोबर. अंगणातून आत येताना दोरीवरचा वाळलेला टॉवेल बरोबर. जे रोज लागतं ते दाराशी, जे सणाला लागतं ते आत. गाळणी चुलीशेजारच्या खिळ्यावर टांगली, हात लांब न करता मिळेल अशी.

सवय तोंडालाही होती. त्यामुळं तो उठताना नुसता बघायचा नाही, हाळी द्यायचा. "चलाऽ मोरी, मोरी, मोरी! हाये काय कोणी?"

भाऊरावानं हे दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी तो चेहरा गंभीर करून आला, शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "शालू, मी काय म्हणतो, एकट्यानं राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम होते. चार दिवस माह्याकडं जेवाले येत जाय."

"चहा पेतोस?"

"पेतो."

चहा झाला. भाऊराव जायला उठला. "थांब," शालिग्राम म्हणाला, "तुह्या घराकडं चाललाच हायेस, तं हे पावडं घेऊन जाय. तुहंच हाये. आणि जाता जाता कप आत ठेव. मधी हाये तो रस्त्यात."

"अबे, मी पाहुणा हावो!"

"पाहुणा रिकामा गेला तं बरं दिसते काय?"

भाऊराव फावडं घेऊन गेला. पुढच्या वेळी आला तेव्हा त्याच्यासोबत त्याचीच चाळणी परत गेली. मग केसरबाई आली, पलीकडच्या घरातली. ती सिंधूताईची खुशाली विचारायला आली होती, आणि अर्पिताच्या लग्नापासून इथं राहिलेली आपली मोठी कढई घेऊन परत गेली. ही कढई चोरीला गेली म्हणून तिनं मधल्या काळात आपल्या जावेशी बोलणं टाकलं होतं. आठवडाभरात गल्लीत बोलणं पसरलं, की शालिग्रामकडं बसायला जावं, पण उठताना जपून.

राहता राहिले ते, ज्यांना कुठंच जायचं नव्हतं. हे नवीन प्रकरण होतं. जीपमध्ये असा प्रवासी नसतो, की जो बसतो आणि कधीच उतरत नाही. स्टेपनीपुढं शालिग्राम बराच वेळ उभा राहिला. हिच्यावर एकदा भर पावसात बाळंतीण पोचवली होती. त्यानं तिच्यावर हात फिरवला आणि मग भाऊरावाला हाक मारली. भाऊरावाच्या बैलगाडीचं एक टायर गुळगुळीत झालं होतं. स्टेपनी बसते का बघितलं, तर बसली. "चालू दे हिले," शालिग्राम म्हणाला, "उभं राहून राहून पाय दुखले असतीन तिचे." भाऊरावानं या वेळी थट्टा केली नाही. जॅक आणि पाने स्टँडवरच्या एका जीपवाल्या पोराला दिले. जॅक देताना मात्र त्यानं हात फिरवला नाही.

सीट ओसरीतून काढली, पण गावाबाहेर जाऊ दिली नाही. घराच्या दाराशी, बाहेर, भिंतीला लावून ठेवली. सिंधूताईला चप्पल घालायला बसता येईल, असं त्याचं म्हणणं. रस्ता दिसतो, हे म्हणाला नाही.

रोज संध्याकाळी सिंधूताईचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी शालिग्राम देवघरापुढं असा बसायचा, की मागं फक्त देव दिसावेत, आणि मोबाइल फिरवा म्हटलं की "रेंज गेली, रेंज गेली" म्हणायचा. आता तो मधल्या खोलीतून बोलायला लागला.

"अहो, कुठी बसले तुम्ही? मागं भिंत कोणाची हाये?"

"आपलीच."

"तिले रंग कधी देल्ला?"

"रंग होताच. स्टेपनी होती नं तिच्यापुढं."

सिंधूताईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "निळा हाये जी," ती म्हणाली.

एकदा बोलता बोलता तो मधेच म्हणाला, "सिंधू, तो टॉवेल..."

"कोणता?"

"नाही, काही नाही. तो... दोरीवर तूच टाकत होतीस नं?"

 मग सिंधूताई इतकी हसली, की मोबाइल हलून तिच्या जागी पंखा दिसायला लागला. "नाही तं काय," पंख्यातून तिचा आवाज आला, "तुमची जीप टाकत होती?"

प्लास्टर निघायचा दिवस जवळ आला तशी शालिग्रामनं रंगीत तालीम घेतली. वॉकर नव्हता, म्हणून प्लास्टिकची खुर्ची उलटी करून भाऊरावाच्या हातात दिली आणि त्याला ओसरीच्या दारात उभं केलं. "तू सिंधू हायेस," म्हणाला. भाऊरावानं पदर घेतला, कण्हला, आणि खुर्ची टेकत टेकत थेट मोरीपर्यंत गेला. मधल्या खोलीत एका ठिकाणी त्यानं ती जराशी उचलून पलीकडं टेकवली. पण पाय धड असलेल्या माणसाला हे कळतही नाही, आणि शालिग्रामचं लक्ष पदराकडं होतं.

तो दिवस आला. गोपालची गाडी दाराशी लागली. सिंधूताई उतरली, वॉकरला धरून उभी राहिली आणि आधी घराकडं, मग दाराशी ठेवलेल्या सीटकडं, मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "बारीक झाले."

"गल्लीतली माणसं भेवून येत नाही आता. कोणासंगं जेवू?"

ओसरी पार झाली. वॉकरचे चार पाय फरशीवर टक टक करत पुढं चालले. मागं अर्पिता, दोन्ही हात आईच्या दोन्ही बाजूंना पसरून. मागं गोपाल. मागं भाऊराव आणि केसरबाई, आमंत्रण नसलेले. शालिग्राम सगळ्यांच्या पुढं, उलटा चालत, गाडी मागं घेणाऱ्याला दाखवावं तसे हात हलवत. "येऊ द्या, येऊ द्या... सरळ... येऊ द्या..."

मधल्या खोलीत वॉकर अडकला.

दिवाणाच्या कोपऱ्याशी तीन खोके होते. त्यांच्या आणि दाराच्या मध्ये माणूस जाईल एवढी वाट होती, वॉकर जाईल एवढी नव्हती. सिंधूताईनं एकदा रेटून बघितलं. खोका हलला नाही.

 शालिग्रामचे हात तसेच हवेत राहिले.

"बाबा," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, म्हणजे निर्णय झाला होता. "तुम्ही खूप केलं. खरंच. पण मी म्हटलं होतं ना? एक जरी वस्तू अशी रस्त्यात राहिली, तर आईनं... आणि एवढे मोठे खोके कायले ठेवले इथं? काय हाये यायच्यात?"

बोलता बोलता राग चढला, तशी तिची धाडची भाषा परत आली होती. तिनं वाकून खोक्याकडं बघितलं. खोक्यावर जाड लाल पेननं, सुंदर गोल अक्षरात लिहिलं होतं, "अर्पिताचं सामान. कोणीही हात लावू नये." खाली दोन रेघा.

शालिग्रामनं त्या वेळी जे केलं, ते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड ड्रायव्हिंग होतं. तो काहीही बोलला नाही. मिशीसुद्धा हलू दिली नाही.

भाऊरावाला ते जमलं नाही. त्याचं हसू आधी नाकातून निघालं, मग केसरबाईच्या पदराआड गेलं, मग केसरबाईचंही निघालं. अर्पिता लाल झाली.

"हे... हे कॉलेजातलं आहे माझं. मी नेणारच होते."

"हाव," सिंधूताई वॉकरला टेकून म्हणाली, "लग्न झालं तेव्हा म्हणे पुढच्या खेपेले नेते. पोरगी पाचवीत गेली तुही."

"मग बाबांनी सरकवायचे ना ते!"

"लिहेल होतं नं," शालिग्राम हळू म्हणाला. "हात लावू नये म्हणून."

आणि मग लग्नापासून गप्प असलेला गोपाल बोलला. "डिक्की रिकामीच आहे," तो म्हणाला. वाकून त्यानं एकाच दमात दोन खोके उचलले आणि बाहेर निघाला. तिसरा भाऊरावानं घेतला, न सांगता, कारण तो त्याच दिशेनं चालला होता.

वॉकर पुढं गेला. टक टक करत स्वयंपाकघर आलं, मागचं दार आलं, मोरी आली. सिंधूताईनं मोरीच्या कठड्याला हात लावला, खो-खोत खांब शिवावा तसा. मग वळली, स्वयंपाकघरात आली आणि सवयीनं चुलीशेजारी हात लांब करायला लागली. लांब करावा लागला नाही. गाळणी तिथंच होती.

तिनं ती खिळ्यावरून काढली, पुन्हा अडकवली, पुन्हा काढली. मग कोणालाही न विचारता तिनं चहा मांडला.

चहा सगळ्यांनी बाहेर सीटवर बसून घेतला. सीट तीन माणसांची होती, शालिग्रामनं सहा जण बसवले. अर्पिता बापाच्या शेजारी दाटीवाटीनं बसली होती. कप संपल्यावर ती उठली, दोन पावलं गाडीकडं गेली आणि थांबली. मागं वळली. आईचा, बाबांचा, भाऊराव काकांचा, सगळ्यांचे कप गोळा केले आणि आत ठेवून आली. "आईला महिनाभर रोज फोन करीन हां मी," ती म्हणाली. "आणि मोबाइल फिरवायला लावीन."

"फिरव नं. रेंज आली आता."

गाडी निघाली तेव्हा डिक्कीत तीन खोके होते, अर्पिताच्या मांडीवर सिंधूताईनं दिलेली तुरीची डाळ होती, तीच, अंगणात सांडून वेचलेली, आणि मागच्या सीटवर अर्पिताची लहानपणीची सायकल आडवी घातलेली होती, जी घेऊन जा असं कोणीच म्हटलं नव्हतं. तिच्यासाठी शालिग्रामनं जागा काढली होती.

सिंधूताई सीटवर बसून राहिली. रस्त्यानं जाणारी माणसं "आल्या काय ताई" म्हणत होती, आणि ती प्रत्येकाला हाव म्हणत होती. ऊन उतरलं तेव्हा ती वॉकर धरून उठली.

"चलाऽ आतलं घर, आतलं घर," शालिग्राम म्हणाला. "हाये काय कोणी?"

सिंधूताईनं मागं बघितलं. सीटवर चष्मा होता, त्याचा, नेहमीसारखा विसरलेला. तिनं तो उचलला, वॉकरच्या दांडीला अडकवला, आणि टक टक करत आत गेली.